पंचाहत्तर अक्षरांचा दगड

लकडगंज, १४ जुलै

ताई,

जय भीम. अक्षर ओळखून कागद फाडशीन तं थांब. सोबत दुसरा कागद आहे, तो फाडू नको. तो मायच्या पाटीचा नमुना आहे अन् त्याच्यावर तुही सही लागते. सही झाली का मंग हा फाडला तरी चालते.

तुवा माहा नंबर बंद करून ठेवला म्हणून कागदावर लिहून राहिलो. दुकानाचा नियमच आहे तसा, गिऱ्हाइकाची सही आल्याबिगर दगडाले छन्नी लावाची नाही. गिरिधरभाऊ म्हणते, "कागदावरचं खोडता येते बाबू, दगडावरचं नाही येत." गिरिधरभाऊ म्हणजे मालक. लाकडाच्या टालीमागं त्याईचं दुकान आहे, हातानं अक्षरं कोराचं. बाकी सारे मशीनवर गेले. मी फेब्रुवारीपासून इथं आहो. ओंगोलच्या काळ्या दगडाच्या ट्रकवर क्लीनर होतो. माल उतरवता उतरवता गिरिधरभाऊले एक अक्षर मारताना पाहिलं, पाहतच राहिलो, अन् तिकडं ट्रक निघून गेला. तू म्हणशीन, झालं याचं सुरू. पण माणूस दगडातून अक्षर काढते तं ते आत आधीच बसलं होतं असं वाटते. तू एकदा पाह्यजो.

पाटी तुही आहे हे मले माहीत नव्हतं. श्वेता घेऊन आली. अभ्यासिकेत खिडकीपाशी बसाची थेच, आता बँकेत आहे. म्हणे, मायनं एकतीस वर्षं ज्या अभ्यासिकेचं दार उघडलं थे पोरापोरींनी नवीन बांधली, अन् अठ्ठावीस सप्टेंबरले मायच्या पहिल्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी पाटी लावाची आहे. मी कागद हातात घेतला अन् तुहं अक्षर दिसलं. तुहा K अजूनही पाय पसरून बसते.

इंग्रजी काहून हे मले विचारा नाही लागलं. माय म्हणाची ना, "मले मराठीही येत नाही अन् इंग्रजीही येत नाही, मंग महागवालीच लावा."

पण भानगड अशी आहे. भिंतीतला कोनाडा बांधून झाला, दगड तेवढाच राहणार. त्याच्यात पंचाहत्तर अक्षरं बसतेत. तुह्या मजकुरात एकशे पस्तीस आहे. मी तीनदा मोजले.

THIS ROOM, WHICH WAS BUILT BY THE STUDENTS WHO STUDIED IN IT, IS IN MEMORY OF RUKHMABAI, WHO OPENED ITS DOOR EVERY MORNING FOR THIRTY-ONE YEARS AND WHO WAITED FOR OTHERS.

मले तं एकही अक्षर काढाची हिंमत होत नव्हती. तेवढ्यात भैयाजी आले. हे तार ऑफिसातून रिटायर झालेले म्हातारे, रोज आमच्या इथं पेपर वाचाले येते. सारी जिंदगी लोकाइचं सुखदुःख आठ शब्दात बसवलं त्याईनं. कागद पाहिला, चष्मा वर केला, म्हणते, "पोरा, इसमे तो हमाल बहुत भर गये. 'विच वॉज' काय करून राहिलं इथं? उचलून बाहेर ठेव." मी बोटानं झाकलं. ROOM, मंग सरळ BUILT. खोली, बांधलेली. ताई, कायी पडलं नाही! दोन खांब काढले अन् छत जागच्या जागी. मी बोट काढो, ठेवो, काढो, ठेवो. भैयाजी म्हणते, "बस कर बे, घासून जाईन."

तू हे मले दहावीत शिकवलं होतं का? शिकवलं असशीन. मी खिडकीबाहेर पाहत असन.

सही करजो.

रोशन


लकडगंज, २३ जुलै

ताई,

पत्र परत मिळालं, लाल होऊन. श्वेता म्हणाली, "घ्या भाऊ, पेपर तपासून आला तुमचा." 'मले'चं 'मला' केलंस, प्रत्येक ठिकाणी, एकही सोडलं नाहीस. 'थे'भोवती गोल. खाली वीसपैकी सहा, आणि शेरा: विषयांतर फार. बाकी पुढे नाही, मागे नाही.

दोन दिवस तो कागद खिशात घेऊन फिरलो. सात वर्षांनी तू माझ्यासाठी लाल पेन उघडलास. आता 'मला' लिहितोय, बघून घे.

नमुन्यावरची तुझी दुरुस्तीही पाहिली. मी STUDYING IN IT लिहिलं होतं, तू READING HERE केलंस. एकच अक्षर कमी झालं, पण खोलीत पोरं दिसायला लागली. गिरिधरभाऊंनाही दाखवलं. त्यांना इंग्रजी येत नाही, पण म्हणाले, "ओळ हलकी झाली."

आता या READINGचंच सांगतो, कारण त्यानं माझी झोप, म्हणजे दुपारची झोप उडवली आहे. तुझ्या वाक्यात होतं, 'हू स्टडीड', ज्यांनी अभ्यास केला. भैयाजींनी 'हू' उचलला आणि शेपटीला आयएनजी लावलं. मी विचारलं, "भैयाजी, केला होता ना अभ्यास? तो 'होता' कुठं गेला?"

"गेला."

"असा कसा गेला?"

"काल वाचलं थे, आज वाचून राहिले थे, उद्या वाचतीन थे, सारे एका बाकावर बसले आता. जागा कमी असली का लोक सरकून बसते बेटा." मग म्हणाले, "अन् हे काही साहेबाचं नाही, तुह्या घरातलंच आहे. दार उघडणारी बाई. म्हणतो का नाही आपण? सांग मले, कधी उघडलं तिनं दार?"

'उघडणारी'त काल नाही, आज नाही. आयुष्यभर बोलत आलो आणि एकदाही लक्षात आलं नाही. फक्त आपण ते माणसाच्या आधी ठेवतो आणि इंग्रज माणसाच्या मागे लावतो. आपण म्हणतो, दार उघडणारी बाई. तो म्हणतो, बाई, दार उघडणारी.

संध्याकाळी टालींच्या रस्त्यानं चालत निघालो तर सगळं तसंच दिसायला लागलं. लाकूड चिरणारा माणूस. भुशावर झोपलेली कुत्री. दोरीनं बांधलेले बांबू. ट्रकखाली चहा पिणारे दोघं. कोणाच्याही मागे 'होता' नाही, 'आहे' नाही. सगळे जिथं आहेत तिथं कायमचे धरलेले, जसे काही देवानं, बरं, देव नाही, जसे काही कोणी कोरून ठेवलेले. मला चालता येईना ताई. एक हमाल ओरडला, "सरक ना बे, फोटो काढून राहिला का?"

मागे एकदा पवनीला गेलो होतो. नदीकाठी टेकडी आहे, तिथं जुना स्तूप निघाला. तिथल्या एका माणसानं सांगितलं, दोन हजार वर्षांपूर्वीच्या दगडावर एका बाईचं नाव आहे. अमकीचं दान, सगळ्या जीवांना सुख होवो. संपलं. ती कोण होती, तिला पोरं किती, काही नाही. तेव्हा मला वाटलं होतं, बिचारीला जागा पुरली नसेल. आता वाटतं, तिला माहीत होतं.

विषयांतर झालं. थांबतो. नवा नमुना सोबत आहे. शेवटची ओळ तेवढी राहिली आहे, ती कशी लहान करायची ते सुचत नाही.

रोशन


लकडगंज, २ ऑगस्ट

ताई,

एक वाईट सांगायचं आहे, ते आधीच सांगून टाकतो. दगड बिघडला.

गिरिधरभाऊ चार दिवस रामटेकला साळ्याकडे गेले होते. मी एकटा. तुझी सही आली नव्हती, हात शिवशिवत होते. मला वाटलं, बाकीचं कमीजास्त होईल पण शेवटची ओळ तर राहणारच. आणि आमच्याकडे कोरायचं ते खालून वर, म्हणजे मनगटाखाली खडूचं अक्षर पुसलं जात नाही. म्हणून शेवटची ओळ आधी घेतली, तुझ्याच कागदावरून, जशीच्या तशी. WHO WAITED FOR एवढं झालं. तिथं शेवटच्या R पाशी छन्नी सरकली आणि कपची उडाली. म्हणून थांबलो.

गिरिधरभाऊ आले. पायातली चप्पल न काढताच दगडासमोर उभे राहिले. मला वाटलं हाकलतात.

"सही होती?"

"नव्हती."

"काहून मारली मंग?"

त्यांनी वाकून ओळीवरून अंगठा फिरवला, पहिल्या W पासून शेवटच्या R पर्यंत, हळूहळू, आणि तिथून पुढच्या कोऱ्या जागेवरही फिरवला. मग म्हणाले, "अक्षर चांगलं आलं तुहं." बस. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दगड वाया जात नाही, हे तुला कळावं म्हणून लिहितो. आमच्याकडे बिघडलेला दगड फोडत नाहीत. पलटवतात. मागची बाजू घासून, पॉलिश करून तिच्यावर नवं कोरायचं, आणि चूक भिंतीकडे तोंड करून सिमेंटमध्ये जाते. गिरिधरभाऊ म्हणतात, नागपुरातल्या निम्म्या पाट्यांच्या पाठीवर काहीतरी आहे. भूमिपूजनाच्या मागे वाढदिवस, दवाखान्याच्या मागे वकील. कोणाला दिसत नाही. पण त्यांचा एक नियम आहे, त्यांच्या बापापासूनचा: अर्धं वाक्य भिंतीत घालायचं नाही. घरात भांडण राहतं म्हणे. एक तर ते पुरं करायचं, नाही तर त्याच्यावर आडवी काट मारायची, म्हणजे ते मेलं.

दगड तुमचा आहे, म्हणून हेही तुलाच विचारायचं. पण घाई नाही. आधी समोरची बाजू ठरू दे.

चूक माझी आहे. घासायचं काम मीच करतोय, पाच दिवस लागतील.

रोशन


लकडगंज, १९ ऑगस्ट

ताई,

पत्र पुन्हा तपासून आलं. वीसपैकी अकरा. प्रगती आहे. पण 'कपची उडाली'खाली तू रेघ मारलीस आणि पुढे फक्त प्रश्नचिन्ह ठेवलंस. त्याचं उत्तर नंतर देतो.

नमुन्यातून शेवटची ओळ तू काढून टाकलीस. सबंध. एकाच लाल रेघेत. मला वाटलं होतं तू भांडशील. आता समोर एवढंच उरलं:

BUILT BY STUDENTS READING HERE
IN MEMORY OF
RUKHMABAI
OPENING THIS DOOR
EVERY MORNING

बहात्तर अक्षरं. तीन अक्षरांची हवा. एकतीस वर्षंही निघाली. भैयाजी म्हणाले, "रोज सकाळी म्हटल्यावर एकतीस कशाले? मोजलं का संपते." या माणसाला सरकारनं चाळीस वर्षं एका खिडकीमागे बसवून ठेवलं होतं.

पण OPENINGवर तू काट मारलीस आणि WHO OPENED केलंस. बाजूला आकडा लिहिलास, ७४, म्हणजे बसतं. मोजून मारलेली चापट आहे ती, कळलं मला. मी म्हटलं, नुसतं OPENED लिहिलं तर? भैयाजी एवढे हसले की पेपर खाली पडला. "मंग मायलेच कोणी उघडलं असं होईन. डब्यासारखं." म्हणजे हू काढायचा तर OPENING, आणि उघडलं होतं असं म्हणायचं तर हू पाहिजेच. मधलं काही नाही.

ताई, तू शिक्षिका आहेस, आणि घडलं ते घडलं तसं लिहिणं बरोबर आहे. तिनं उघडलं. ती गेली. हे तू पाहिलंस, मी नाही. दवाखान्यात तू होतीस. मी डिसेंबरात रामेश्वरमहून मायच्या फोनवर फोन केला, तू उचललास आणि "उशीर केला" म्हणून ठेवून दिलास. मग फेब्रुवारीत दारात आलो. आतून म्हणालीस, "कोण?" मी म्हटलं, "मी वं ताई." तू म्हणालीस, "माय नाही घरी." साखळी काढली नाहीस. जशी माय भाजी आणायला गेली आहे आणि मी शेजारचा कोणीतरी आहे.

मी ते घेऊन रडगाणं गात नाही. मला फक्त एवढंच म्हणायचं आहे की तूही 'नाही घरी' म्हणालीस. 'नव्हती' नाही, 'गेली' नाही.

परवा श्वेता कागद न्यायला आली तेव्हा तिला विचारलं, शेवटची ओळ ताईनं का काढली. म्हणाली, "भाऊ, तुमाले पल्ल्याचं माहीत नाही का?"

मला माहीत नव्हतं. दुपारी एक ते तीन अभ्यासिका बंद राहते हे आठवतं. माय कुलूप लावून पायरीवर डबा खायची. श्वेता म्हणाली, नंतर नंतर कुलूपच लावेना. दाराचा एक पल्ला लावायची आणि एक उघडा ठेवायची, आणि त्या उघड्या पल्ल्याला पाठ लावून बसायची. पोरं सगळी जेवायला गेलेली. कोणी येणार नाही. तू विचारायचीस, "माय, कोणासाठी वं?" ती म्हणायची, "दुसऱ्यांसाठी वं. येतेच कोणी उशिरा."

मी विचारलं, कधीपासून. श्वेतानं सांगितलं नाही. "मले बँकेत जाचं आहे," म्हणाली.

OPENING की WHO OPENED, तू सांगशील ते कोरतो. शपथेवर. पाटी तुझी आहे.

रोशन


लकडगंज, ६ सप्टेंबर

ताई,

तुझं उत्तर आलं नाही. श्वेताही आली नाही. दगड घासून झाला आहे, आरशासारखा. वाकलं की तोंड दिसतं म्हणून मी बाजूनं जातो.

तुझ्या प्रश्नचिन्हाचं उत्तर देतो.

कपची उडाली नाही. छन्नी सरकली नाही. R चांगला आहे. गिरिधरभाऊंनी अंगठा फिरवला तेव्हाच त्यांना कळलं, म्हणून त्यांनी शिव्या दिल्या नाहीत. पुढे सहा अक्षरांची जागा होती, खडूनं लिहिलेलंही होतं, OTHERS. मी छन्नी O वर ठेवली. हातोडी उचलली. आणि हात खाली येईना.

तोपर्यंत ती ओळ माझ्यासाठी फक्त अक्षरं होती. W कठीण असतो, चार रेघा. मी W च्या नादात होतो. F झाला, O झाला, R झाला. मग मी मागे सरकून पहिल्यांदा ते वाक्य म्हणून वाचलं. जिनं वाट पाहिली. कोणाची? दुसऱ्यांची.

तेव्हा मला पल्ल्याचं माहीत नव्हतं ताई. तरी हात थांबला. हातांना आधी कसं कळलं, हे मला अजून कळत नाही.

आता जे तुला अर्धंच माहीत आहे ते पुरं लिहितो, कारण मी ते कधी कोणाजवळ बोललो नाही. इंग्रजीचा पेपर होता. तू शाळेतून सुट्टी घेऊन सेंटरच्या फाटकाशी उभी होतीस, हातात माझं पॅड, दोन पेन, पाण्याची बाटली. वर्षभर शिकवलंस मला. मी सायकलवरून कोपऱ्यापर्यंत आलो. तू दिसलीस. तू रस्त्याच्या त्या टोकाला पाहत होतीस, मी या टोकाला होतो. मला काही येत नव्हतं असं नाही. येत होतं. पण तुझं ते उभं राहणं पाहिलं आणि वाटलं, मी नापास झालो तर ही अशीच उभी राहील, आयुष्यभर. मी सायकल वळवली. स्टेशनच्या स्टँडवर लावली आणि समोर जी गाडी होती तीत बसलो. दुपारी एका स्टेशनावर उतरलो तेव्हा एक वाजला होता. पेपर हुकला होता.

एक. अभ्यासिका बंद व्हायची वेळ. श्वेतानं सांगितलं नाही तरी मला कळलं ती कधीपासून पल्ला उघडा ठेवायची.

काल भैयाजींना विचारलं, "'जिनं वाट पाहिली'चं वेटिंग होते. मंग 'ज्याची वाट पाहिली' याचं काय होते?"

त्यांनी पेपर घडी केला. सहसा ते करत नाहीत. म्हणाले, "त्याचं नाही होत."

"काहून?"

"जो स्वतः काम करते, नाही तं ज्याच्यावर काम होते, त्याचा 'जो' काढून घेता येते. इथं काम दुसरंच कोणी करून राहिलं, याच्यासाठी. हा नुसता आहे तिथं. अशाचं वाक्य लांबच राहते बेटा. पुरंच लिहा लागते." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "मी लय तारा केल्या अशा. 'माय वाट पाहते, निघून ये.' किती जण आले, मले कोणी सांगितलं नाही."

दगड उलटा ठेवला की मागची ओळ वर येते. रोज बघतो. WHO WAITED FOR, आणि पुढे सहा अक्षरांचा गुळगुळीत काळा दगड. खडू पुसून टाकला मी.

तर आता विचारतो. नियमाप्रमाणे अर्धं भिंतीत घालता येत नाही. OTHERS कोरून पुरं करू म्हणशील तर कोरतो, आता हात थांबणार नाही, खरं नसलं तरी. काट मार म्हणशील तर काट मारतो. एकच आडवा घाव, दहा मिनिटांचं काम. तुला राग येईल असं काही मागत नाही. अठ्ठावीसला मी येणारही नाही, श्वेता टेम्पो करून दगड घेऊन जाईल. फक्त ओळीचं काय करायचं ते सांग. आणि पुढच्या बाजूवर सही कर.

चुका असतील. या वेळी तपासू नको.

रोशन


लकडगंज, २१ सप्टेंबर

ताई,

काल श्वेता आली. "पेपर आला का?" म्हणून गिरिधरभाऊंनी विचारलं, त्यांनाही आता सवय झाली आहे. तिनं लिफाफा दिला. आत फक्त नमुना होता. माझं पत्र नव्हतं. मी लिफाफा उलटा करून झटकला. श्वेता म्हणाली, "थे त्याईनं ठेवलं."

नमुना उघडला. WHO OPENED तुझ्याच लाल शाईत होतं, आणि त्याच्यावर तुझीच काट. खाली पुन्हा OPENING, आणि बाजूला बरोबरची खूण, जशी तू वहीवर करायचीस, लांब शेपटीची. त्याखाली सही. जोर देऊन केलेली, कागद फाटेपर्यंत.

भैयाजी डोकावले. "तं माय उघडूनच राहिली म्हणजे," म्हणाले, आणि पेपर तोंडासमोर धरला. उलटा होता. मी सांगितलं नाही.

मागच्या ओळीचं काहीच लिहिलेलं नव्हतं. मी म्हटलं, ठीक आहे, काट. गिरिधरभाऊंना म्हणालो, "दगड पलटवू लागा." त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला आणि तोच पलटवला.

मागे लाल शाई.

कोरून झालेल्या अर्ध्या ओळीच्या जागी ठिपके, मग सहा अक्षरं, मोठ्या लिपीत. जागा सोडून, सरळ ओळीत, जशी दगडावर बसवायची तशी. खाली तू माप लिहिलंस, सव्वा इंच. ते तुला कोणी सांगितलं? श्वेताला विचारून घेतलंस? ती हो म्हणेना, नाही म्हणेना.

मी वाचलं आणि मला वाचता आलं नाही. अक्षरं कळत होती. R कळला. O कळला. गिरिधरभाऊंना इंग्रजी येत नाही, त्यांनी विचारलं, "काय लिहिलं बावा?" मी कागद श्वेतापुढे धरला. शेवटी श्वेतानं सांगितलं.

त्यांनी दगडाखाली सागाच्या दोन पट्ट्या सरकवल्या, खडू टोकदार करून आणला, माझी छन्नी स्वतः घासून धार काढून दिली. आजपर्यंत त्यांनी कोणाची छन्नी घासली नव्हती.

सकाळी बसलो. ताई, मी कितीतरी लोकांची नावं कोरली आहेत. रामेश्वरमला एक माणूस तांदळाच्या दाण्यावर नाव लिहितो, त्याच्याशेजारी मी चार दिवस बसलो होतो, तेव्हा वाटलं होतं याच्यापेक्षा मोठं आश्चर्य नसेल. बघ, चाललो पुन्हा. स्वतःचं नाव मी कधी कोरलं नव्हतं. S ला दोन तास लागले. तो वळत नव्हता. मी घाव घालायचो आणि प्रत्येक घावाला वाटायचं, हे तर आधीच होतं आत. मी फक्त वरचा दगड काढतोय.

शेवटचा N झाला तेव्हा मोजलं. जागा बरोबर संपली. एक केसही उरला नाही.

आता ओळ पुरी आहे. काट लागत नाही. सिमेंटमध्ये जाईल तेव्हा कोणाला दिसणार नाही, पोरं समोरचं वाचतील, आणि माय दार उघडत राहील. गिरिधरभाऊ म्हणाले, "भिंतीले माहीत राहीन. बस झालं."

समोरची बाजू परवा सुरू करतो, खालून वर. EVERY MORNING आधी, मायचं नाव नंतर.

एक विचारायचं राहिलं, नव्हे, सांगायचं. श्वेताचा टेम्पो रद्द केला. दगड मीच घेऊन येतो अठ्ठावीसले. गिरिधरभाऊ एका बाजूनं धरतीन, मी एका बाजूनं. दुपारी एकच्या आत पोहोचतो. दगड रुंद आहे वं ताई, एका पल्ल्यातून नाही येणार. दोन्ही उघडे ठेवजो.

रोशन